तालमीचा चेंडू

खंडाळा म्हटले की मुंबईकराच्या डोळ्यांपुढे बोरघाट उभा राहतो, धुके येते आणि पाठोपाठ चिक्की येते. आमचा खंडाळा तो नव्हे. आमचा खंडाळा सातारा जिल्ह्यातला, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचा, पुणे-बंगळूर रस्त्यावरचा तालुक्याचा गाव. धुक्याऐवजी आमच्याकडे धूळ आहे आणि चिक्कीऐवजी भुईमुगाच्या शेंगा. सांगताना ‘पारगाव-खंडाळा’ असे म्हणावे लागते, नाहीतर पाहुणे लोणावळ्याच्या बाजूला जाऊन उतरतात.

या गावातली सात-आठ पोरे गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे आली. त्यांनी फुटबॉलचे मंडळ काढले होते. अंगावर झकपक बनियनी होत्या, छातीवर गुरगुरणाऱ्या वाघाचे चित्र होते, आणि मंडळाचे नाव असे झोकदार इंग्रजी होते की ते उच्चारताना त्यांच्या कप्तानाचीच जीभ दोनदा अडखळली. सगळे होते; नव्हती ती माणसे. सामना लावला की दोन्ही बाजूंचे खेळाडू, एक पंच आणि बांधावर चरणारी शेरडे, एवढाच जमाव. गावातली लहान पोरे त्या वेळी कोपऱ्यात बसून मोबाईलवर स्पेनमधले सामने पाहात असत. “काका,” कप्तान म्हणाला, “ही बारकी पोरं आपल्याकडं कशी वळवायची, सांगा.”

मी जन्मात फुटबॉलला पाय लावलेला नाही. आमच्या जिल्ह्याचा खेळ कुस्ती. १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक आणणारे खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, आणि तो अभिमान आम्ही अजून पुरवून पुरवून खातो. पण माझे आजोळ कोल्हापूरचे, मामांचे घर शिवाजी पेठेत, आणि लहानपणीच्या सुट्ट्या मी तिथे काढल्या, हे त्या पोरांना कोणीतरी सांगितलेले होते. त्यांचा प्रश्न ऐकताच मला एक जुना प्रसंग आठवला.

मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. एस. टी.तून उतरून मामांच्या घरी पिशवी ठेवली आणि बोळात आलो, तोच माझ्याच वयाच्या एका पोराने मला अडवले. त्याने मला नखशिखान्त न्याहाळले आणि विचारले, “कुणाचा रं तू?” मी अदबीने वडिलांचे संपूर्ण नाव सांगितले. बोळातली यच्चयावत पोरे पोट धरधरून हसली. मामा ओट्यावर दाढी करीत बसले होते. तोंडाला साबण तसाच ठेवून ते म्हणाले, “आरं, तो तुझा बा इचारत न्हाई. टीम इचारतोय. सांग, आपल्या पेठंचा म्हणून.” मी सांगितले. त्याबरोबर तो पोरगा माझ्या गळ्यात हात टाकून मला घेऊन गेला. एका शब्दासरशी मी पाहुण्याचा घरचा झालो होतो. त्या दिवसापर्यंत मी फुटबॉल नावाची वस्तू जवळून पाहिलेलीही नव्हती.

‘कुणाचा’ हा प्रश्न जिथे पोरे पोरांना विचारतात तिथे क्लबाला जाहिरात करावी लागत नाही. पण एवढे सांगून त्या कप्तानाचे समाधान झाले नसते. हा प्रश्न कोल्हापुरात आला कोठून, ते पाहिले पाहिजे. आणि त्यासाठी फुटबॉल बाजूला ठेवून आधी तालमीत शिरले पाहिजे.

कोल्हापूरची तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हे. तांबडी माती, हनुमंताची तसबीर आणि कोपऱ्यातली लाकडी करेल हे तिचे बाहेरचे रूप. आतून ती पेठेचे दुसरे घर असते. शाहू महाराजांनी १८९४ ते १९२२ या आपल्या कारकिर्दीत कुस्तीला असा काही राजाश्रय दिला की शहर मल्लांचे झाले; खासबागेचे मैदान १९१२ साली बांधून पुरे झाले ते त्यांच्याच हौसेने. परंतु मल्ल होतात थोडे, तालमीत जातात पुष्कळ. पेठेतला पोरगा पहाटे तिथे दंड-बैठका काढी, दुपारी तिच्या कट्ट्यावर अभ्यास टाळी आणि संध्याकाळी तिथेच वडीलधाऱ्यांची बोलणी ऐके. भांडण मिटवायचे तर तालमीत, गणपती बसवायचा तर तालमीत. किंबहुना कित्येक तालमींत गणपती बसतो तसे मोहरमात पंजेही बसतात, आणि दोन्हींच्या वर्गणीला तीच माणसे हिंडतात. ज्याला तालीम आहे त्याला जात विचारायच्या आधी पेठ विचारली जाई.

अशा या गावात साहेबाचा चेंडू आला. संस्थानी काळातच तो शाळा-कॉलेजांच्या मैदानांवर रुळला आणि १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची स्थापना झाली. आजही गावातले फुटबॉलचे सामने हीच संस्था भरवते. तिचे लांबलचक नाव कोणी घेत नाही, सगळे ‘के. एस. ए.’ म्हणतात. इतर गावांतही क्लब निघाले, चषक लागले आणि विरून गेले. कोल्हापुरात चेंडू टिकला, कारण तो क्लबात न राहता तालमीत मुक्कामाला आला. तांबड्या मातीतल्या पोरांनीच बूट चढवले. जे तालमीचे होते ते सगळे बैजवार चेंडूचे झाले: पेठेची आब, शेजारच्या पेठेशी असलेली पिढ्यान्‌पिढ्यांची चुरस, वर्गणी, गुलाल आणि हलगी.

संघांची नावे पाहा म्हणजे माझे म्हणणे ध्यानात येईल. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम, संध्यामठ तरुण मंडळ, फुलेवाडी क्रीडा मंडळ, संयुक्त जुना बुधवार पेठ. यांतली बरीच नावे नावे नाहीतच, ते पत्ते आहेत. पोस्टमनला दिली तर तो पत्र बिनचूक पोचवील! ‘प्रॅक्टिस क्लब’ हे एक इंग्रजी वळणाचे नाव त्यात आहे, पण तेही कोल्हापूरने इतके चघळले आहे की त्याची इंग्रजी चव उरलेली नाही. पोराला संघ निवडावा लागत नाही. जन्माच्या दाखल्यावर जो पत्ता पडतो तोच त्याचा संघ.

तरीही नुसत्या पत्त्याने कोणी वेडा होत नाही. वेड कसे लागते ते मी स्वतःवरून सांगतो. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या पोराने मला गांधी मैदानावर नेले. तिथे मोठी मुले सराव करीत होती. आम्हां बारक्यांचे काम एकच: बाहेर गेलेला चेंडू आणून द्यायचा. चेंडू आणणे हे काम दिसते हलके, परंतु त्यासाठी तिथे चढाओढ होती, भांडणे होती, आणि कोणी कोणत्या बाजूला उभे राहायचे याचे कडक नियमही होते. संघातला जो आघाडीचा खेळाडू होता तो मामांच्या घरापासून चार दारे सोडून राही. सकाळी मैदानावर त्याने गोल मारलेला पाहावा आणि दुपारी तोच गिरणीत दळण घेऊन उभा असलेला दिसावा! एकदा त्याने माझ्या हातातून चेंडू घेताना “शाबास” म्हटले. पुढे खंडाळ्याला परतल्यावर मी ते वर्गात सगळ्यांना सांगितले. कोणाला काहीच कळले नाही, आणि मला त्यांची कीव आली.

सामन्याच्या दिवशी आम्ही शाहू स्टेडियमवर पायी गेलो. मामांच्या खांद्यावर धाकटा मामेभाऊ, हातात शेंगांची पुडी. पेठेचे म्हातारे एका ठरलेल्या जागी बसत आणि पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार करीत. मधल्या वेळात म्हातारे आम्हाला जुने सामने सांगत: अमक्याने अमक्या साली डोक्याने मारलेला गोल, तमक्याचा मोडलेला पाय. इतिहासाच्या पुस्तकातल्या सनावळ्या मला कधी पाठ झाल्या नाहीत. त्या पायरीवर ऐकलेले गोल अजून पाठ आहेत.

चेंडू आणणारा पोरगा चार वर्षांनी गल्लीच्या संघात खेळतो, मग शाळेच्या, मग त्यातल्या एखाद्या नशीबवानाच्या अंगावर तालमीची बनियन चढते. उरलेले नव्याण्णव पुढे रिक्षा चालवतात, सोन्याचांदीच्या दुकानात बसतात, कारकून होतात. पण ते पाठीराखे राहतात, कारण कधीकाळी त्यांनीही तो चेंडू हातात धरलेला असतो. शाळांची भर मोठी आहे. हवाई दलप्रमुख सुब्रतो मुखर्जी यांच्या नावाने १९६० साली शालेय संघांची जी अखिल भारतीय स्पर्धा सुरू झाली, तिच्या नावाचा दबदबा कोल्हापूरच्या शाळकरी पोरांत मी पाहिलेला आहे. आणि याच गल्ल्यांतून पुढे निखिल कदम निघाला, तो मोहन बागानकडून खेळला; अनिकेत जाधव निघाला, तो २०१७ साली भारतात भरलेल्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात देशाकडून उतरला. त्या वर्षी १५ सप्टेंबरला सरकारने साऱ्या महाराष्ट्रात दहा लाख मुलांच्या पायांत चेंडू देण्याचा संकल्प सोडला होता. आमच्या तालुक्यातही त्या दिवशी चेंडू उडाले असतील. पण दुसऱ्या दिवशी ते चेंडू आणून द्यायला कोणाला बोलावले?

मोहन बागानचे नाव निघाले म्हणून थोडे कलकत्त्याकडे वळतो. तो क्लब १८८९ सालचा. त्याचे नावसुद्धा उत्तर कलकत्त्यातल्या एका बागेचे, म्हणजे पुन्हा पत्ताच. १९११ साली २९ जुलैला या संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या शिपायांना दोन विरुद्ध एक गोलांनी हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. अकरांतले दहा गडी अनवाणी होते. पुढे १९२० साली पूर्व बंगालच्या मंडळींनी आपला ईस्ट बेंगॉल क्लब काढला, आणि फाळणीनंतर जे लाखो निर्वासित त्या शहरात आले त्यांना घरदार मिळायच्या आधी तो क्लब मिळाला. सामना जिंकला की एका बाजूच्या घरी हिल्सा मासा शिजतो, दुसऱ्या बाजूच्या घरी कोळंबी. ज्या घरच्या पोराला कालवणाच्या वासावरून निकाल कळतो, ते पोर वेगळे कशाला वळवावे लागेल?

उलट बाजूही पाहू. १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारताचा संघ चौथा आला. त्यात मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकट्याने तीन गोल मारले. एवढा मोठा पराक्रम महाराष्ट्राच्या राजधानीतल्या खेळाडूने केला, परंतु खंडाळ्यात एकाही पोराने त्यापायी चेंडूला लाथ मारली नाही. मुंबईत १८९१ पासून रोव्हर्स चषकाचे सामने होत होते, त्याची बातमी आमच्याकडे वर्तमानपत्राच्या चार ओळींत येई, आणि त्यातच शेंगा बांधून मिळत. दूरचा विजय पोराला दिपवतो, पण त्याला काही करायला देत नाही. आजचा मोबाईलवरचा स्पेनचा सामना तसाच.

याहून जवळचे उदाहरण आमच्याच रस्त्यावरचे, पुण्याचे. तिथे २००७ साली पुणे एफ. सी. निघाला, २०१४ साली एफ. सी. पुणे सिटी आला. मध्ये आणखीही एक-दोन झाले. पैसा होता, परदेशी खेळाडू होते, बालेवाडीचे भव्य क्रीडासंकुल होते, आणि नारिंगी बनियनी घालून गाणी म्हणणारे जिवाचे पाठीराखेही होते. त्यांच्या निष्ठेत काही उणे नव्हते. परंतु आज त्यांतला एकही संघ अव्वल लीगमध्ये नाही. २०१९ साली एफ. सी. पुणे सिटीची जागा हैदराबादने घेतली. मालकांचे गणित जुळेना, दुकान बंद झाले, आणि त्या नारिंगी पोरांना कोणी विचारलेसुद्धा नाही. पाटाकडील तालीम हैदराबादला कशी नेणार? तिच्या नावातला पाटच मुळी हलत नाही.

साता समुद्रांपलीकडेही शहाण्या क्लबांनी हीच वाट धरलेली दिसते. स्पेनमधला बिलबाओचा अ‍ॅथलेटिक क्लब आपल्या बास्क मुलुखात जन्मलेल्या किंवा तिथे घडलेल्या खेळाडूंखेरीज कोणाला घेत नाही, आणि तरी वरच्या वर्गातून कधी खाली उतरलेला नाही. इंग्लंडात लिव्हरपूलच्या मैदानावर पोरांसाठी पूर्वी एक वेगळा कठड्याचा कोंडवाडा होता. तिथे स्वस्तात शिरायचे आणि नजर चुकवून कठडा ओलांडून मोठ्या माणसांत जायचे, यातच निम्मी गंमत. १९८० नंतर प्रेक्षक रोडावले, दंगे वाढले, तेव्हा १९८६ पासून तिकडच्या क्लबांनी खेळाडूंना शाळांतून आणि मोहल्ल्यांतून पाठवायला सुरुवात केली. दळण घेऊन उभा राहिलेला आघाडीचा खेळाडू त्यांना असा योजनापूर्वक निर्माण करावा लागला.

इथवर ऐकून कप्तानाचे डोळे चमकू लागले होते. म्हणून मग त्याला कडू भागही सांगावा लागला. पेठेचा अभिमान हे वाफेचे भांडे आहे. शाहू स्टेडियमवर मी नुसते गोल पाहिलेले नाहीत; बाटल्या, दगड आणि लाठ्याही पाहिल्या आहेत. सामना मैदानावर सुटतो आणि बोळात पुन्हा सुरू होतो, पोलिसांची गाडी येते, आणि दोन्ही बाजूंची आंबटओली पोरे ठाण्यात बसतात. त्यांच्या आया मग बाहेर उभ्या. कलकत्त्यात १९८० साली १६ ऑगस्टला ईडन गार्डन्सवर याच दोन क्लबांच्या सामन्यात चेंगराचेंगरी होऊन सोळा माणसे मेली. सामना पाहायला गेलेली, घरी कालवण वाट पाहात असलेली. माझे मामा तर एका हंगामानंतर स्टेडियमवर जायचेच बंद झाले. का, ते त्यांनी कधी सांगितले नाही. त्या हंगामात मामेभावाच्या भुवईला टाके पडले होते एवढे मला ठाऊक आहे.

दुसरी गोष्ट पैशाची. चषकांच्या बक्षिसांचे आकडे फुगले तसे तालमींनी बाहेरगावचे, बाहेरप्रांतांचे, आफ्रिकेतलेसुद्धा खेळाडू आणले. ते गुणी आहेत, पेठेने त्यांच्यावर प्रेमही केले. पण मैदानावरच्या अकरांत आपल्या बोळातले चारच उरले की चेंडू आणणारा पोरगा मनात हिशोब करतो. मला विचाराल तर बाहेरच्या पाहुण्याला पंगतीत जरूर बसवावे, पण वाढपी घरचे असावेत.

आणि तिसरी गोष्ट, जिच्याबद्दल आम्ही पुरुष मंडळी लिहिताना विसरतो. त्या पायऱ्यांवर मामा होते, आजोबा होते. मामी नव्हती, मामेबहीण नव्हती. तिला निकाल कळे तो आमच्या आरड्यावरून. तिनेही कधी तरी चेंडू आणून द्यायला धाव घेतलीच असेल, आणि कोणीतरी तिला घरी पिटाळले असेल. आता मुलीही मैदानावर दिसतात. २०१९ साली भारतीय महिला लीगमध्ये एफ. सी. कोल्हापूर सिटी या नावाने कोल्हापूरचा मुलींचा संघ खेळला. अर्धी पेठ इतकी वर्षे घरी ठेवून हा खेळ एवढा वाढला, तर सगळी पेठ आल्यावर काय होईल?

पोरांनी मग मला चांगलाच पेच टाकला. “काका, आपल्याकडं तालीम कुठं हाय? पेठ तरी कुठं हाय?” खरेच होते. खंबाटकी चढून सुरूर फाट्याला वळले आणि वाईवरून पसरणीचा घाट चढले की पाचगणी लागते. तिथल्या इंग्रजी वळणाच्या निवासी शाळांत शंभर वर्षांमागेच साहेबाचे खेळ आले. इतक्या जवळ येऊनही चेंडू घाट उतरून आमच्याकडे आला नाही. त्याच्या भोवती कंपाउंड होते. आमच्या खंडाळ्याला कंपाउंड नाही, एवढीच आमची श्रीमंती.

पण आमच्या गावाला एक नवी पेठ फुटली आहे, आणि ती त्या पोरांच्या लक्षात आली नव्हती. शिरवळपासून खंडाळ्यापर्यंत कारखाने झाले. त्यांत कामाला मराठवाड्यातून, बिहारातून, ओडिशातून माणसे आली. पत्र्याच्या खोल्यांतून त्यांची कुटुंबे राहतात. त्यांची पोरे शाळेत आमच्या पोरांच्या मागच्या बाकावर बसतात आणि सुटल्यावर वेगळ्या वाटेने जातात. ‘कुणाचा रं तू?’ असे त्यांना विचारले तर तीही वडिलांचे नाव सांगतील, आणि इथे त्यावर कोणी हसणारसुद्धा नाही.

मी कप्तानाला दोनच कामे सांगितली. मंडळाचे ते इंग्रजी नाव पुसून गावातला एखादा पत्ता लिहा. आणि सरावाची वेळ शाळा सुटण्याच्या वेळेला जुळवून, चेंडू आणून द्यायला पोरांची पाळी लावा, खोल्यांतल्या पोरांची आणि पोरींची आधी. नावावरून त्यांच्यात आठ दिवस भांडण चालले. वाघ मात्र त्यांनी ठेवला. तो छापून झाला होता आणि त्याचे पैसे गेले होते.

नवरात्रात मी संध्याकाळचा फिरायला त्या बाजूला गेलो होतो. चेंडू रस्त्यालगतच्या ज्वारीत गेला, आणि पाच-सहा बारकी पोरे एकदम त्यात घुसली. ज्वारीचा मालक बांधावरून शिव्या घालीत होता. चेंडू घेऊन बाहेर आली ती एक काळीसावळी, दोन वेण्यांची मुलगी. तिने तो लाथेने दिला नाही, कोणाच्या हातीही दिला नाही. छातीशी धरून सरळ मधल्या रेषेपर्यंत चालत गेली आणि कप्तानापुढे ठेवला. कप्तान काहीतरी बोलला. एवढ्या लांबून मला ते ऐकू आले नाही.